गोणपाटाच्या पडद्यामागचे रणगाडे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं सातारा जिल्ह्यात बातमीदारी करताय, पुढे युद्धवार्ताहर व्हायचं मनात आहे. क्लेअर हॉलिंगवर्थ या ब्रिटिश वार्ताहर बाईंबद्दल वाचायला गेलं की दुसऱ्या महायुद्धाच्या त्या एका स्कूपपलीकडे, म्हणजे सगळ्यांच्या आधी दिलेल्या बातमीपलीकडे, फारसं हाती लागत नाही. त्या धाडसी होत्या की नशीबवान? बाकीचं आयुष्य त्यांनी काय केलं? त्यातलं आज आपल्याला काय घेता येईल? आणि घरचे म्हणतात मुलीनं या वाटेला जाऊ नये, त्यांना काय सांगायचं?

मी तीस वर्षं मराठी दैनिकांत काढली. १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिल युद्धाच्या वेळी, काही आठवडे सोनमर्ग-द्रासच्या रस्त्यावर होतो. उरलेला बराच काळ रात्रपाळीला परदेशी बातम्यांचं पान लावण्यात गेला. त्या पानावर युद्धं रोज यायची, आणि चांगला युद्धवार्ताहर कोणता हे कॉपीच्या, म्हणजे त्यानं पाठवलेल्या मजकुराच्या, पहिल्या दोन परिच्छेदांत कळायचं. तेवढ्या भांडवलावर सांगतो: हॉलिंगवर्थबाईंकडे धाडस होतं, नशिबाचीही साथ होती. पण साठ वर्षं त्या टिकल्या त्या एका सवयीवर. जिथं बातमी आहे तिथं स्वतः जायचं, डोळ्यांनी बघायचं आणि बघितलेलं मोजायचं.

तो प्रसिद्ध स्कूप याच सवयीतून आला. तो नेहमी मधूनच सांगितला जातो, म्हणून मी जरा आधीपासून सांगतो.

क्लेअर यांचा जन्म १० ऑक्टोबर १९११ चा, इंग्लंडमधल्या लेस्टरजवळचा. वडिलांचा बूट बनवायचा धंदा होता आणि त्यांना जुन्या रणभूमी बघायचा नाद होता. पोरीला घेऊन ते इंग्लंडमधल्या आणि फ्रान्समधल्या लढायांच्या जागा हिंडायचे. आपल्याकडे एखादा बाप लेकीला घेऊन पन्हाळा-विशाळगडाची वाट तुडवतो, तसंच म्हणा. कुठं घोडदळ होतं, कुठल्या चढावर कोण अडकलं, हे जमिनीवर उभं राहून समजून घ्यायची सवय त्यांना लहानपणी लागली. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या झेपेलिन या महाकाय हवाई जहाजांनी त्यांच्या भागात बाँब टाकले, तेव्हा त्या चार-पाच वर्षांच्या होत्या.

१९३९ च्या मार्चमध्ये हिटलरनं उरलेला झेकोस्लोव्हाकिया गिळला आणि निर्वासितांचे लोंढे पोलंडमध्ये शिरले. त्यांना ब्रिटनचे व्हिसा मिळवून देणाऱ्या समितीचं काम क्लेअर दक्षिण पोलंडमधल्या कातोवित्से शहरात बघत होत्या. याद्या करायच्या, फॉर्म भरायचे, कुणाला आधी बाहेर काढायचं ते ठरवायचं, ब्रिटिश वाणिज्यदूताच्या, म्हणजे कॉन्सलच्या, कचेरीत खेटे घालायचे. जुलैपर्यंत त्यांनी हजारो माणसांना बाहेर काढलं. त्यांत ज्यू होते, समाजवादी होते, कम्युनिस्टही होते. हिटलरच्या हाती सापडले असते तर त्यांतले बहुतेक वाचले नसते.

बातमीदार म्हणून त्यांचं नाव व्हायच्या आधीचं हे काम आहे, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं. पण इथं ते सांगायचं आणखी एक कारण आहे. ऑगस्ट संपता संपता 'डेली टेलिग्राफ'नं त्यांना नोकरीवर घेऊन पोलंडला पाठवलं, तेव्हा वॉर्साला थांबायचं कुणी आणि कातोवित्सेला जायचं कुणी हा प्रश्न आला. तिथले मुख्य वार्ताहर होते ह्यू कार्लटन ग्रीन, जे पुढे बीबीसीचे महासंचालक झाले. ते वॉर्साला राहिले. क्लेअर कातोवित्सेला गेल्या, कारण ते गाव त्यांच्या पायाखालचं होतं. तिथले ब्रिटिश कॉन्सल जनरल जॉन अँथनी थ्वेट्स ओळखीचे होते. त्यांच्याचकडे उतरल्या, आणि २८ ऑगस्टला त्यांची गाडी मागून घेतली.

सीमा सामान्य वाहनांना बंद होती. ब्रिटनचा झेंडा लावलेल्या कॉन्सलच्या गाडीला मात्र वाट मिळाली. म्हणजे ज्या गाडीतून हा स्कूप आला, ती गाडी व्हिसाचे फॉर्म भरताना जुळलेल्या ओळखीतून मिळाली होती. नशीब म्हणाल तर त्याची तयारी पाच महिने चालली होती.

जर्मनीत शिरल्यावर त्या ग्लायवित्झला पोचल्या. पोलंडमध्ये मिळेनाशा झालेल्या बारीकसारीक वस्तू, वाइन, टॉर्च वगैरे, त्यांनी तिथं खरेदी केल्या. रस्त्यात निरोप नेणाऱ्या लष्करी मोटरसायकलस्वारांचा घोळका गेला. त्यांनी ते स्वार मोजले: पासष्ट. परतीच्या वाटेवर एका दरीच्या कडेनं गोणपाटाचे उंच पडदे लावलेले होते, रस्त्यावरून जाणाऱ्याला खालचं काही दिसू नये म्हणून. वाऱ्याची एक जोरदार झुळूक आली, पडदा उडाला, आणि दरीत रांगेनं उभे असलेले रणगाडे, चिलखती गाड्या, तोफा त्यांना दिसल्या. जर्मन सेनापती रुंडस्टेट यांच्या हाताखालचं सैन्य दक्षिणेकडून पोलंडवर झडप घालायला दबा धरून बसलं होतं.

परत आल्यावर त्यांनी थ्वेट्सना सांगितलं, तर त्या जर्मनीत जाऊन आल्या यावरच थ्वेट्स यांचा विश्वास बसेना. मग क्लेअर यांनी खरेदीचं सामान पुढं ठेवलं. मला हा तपशील फार आवडतो. बातमीदारानं पुरावा बरोबर आणावा, तो टॉर्चचा का असेना. थ्वेट्सनी लागलीच लंडनला सांकेतिक संदेश धाडला आणि क्लेअर यांनी आपली बातमी दिली.

२९ ऑगस्टच्या टेलिग्राफमध्ये ती लागली. मथळा असा होता: पोलिश सीमेवर १,००० रणगाडे जमा, झटपट तडाख्यासाठी दहा डिव्हिजन सज्ज असल्याचं वृत्त. डेस्कवर काम केलेल्या माणसाच्या नजरेनं हा मथळा पुन्हा वाचा. रणगाडे 'जमा' आहेत, आणि डिव्हिजन सज्ज 'असल्याचं वृत्त' आहे. पहिल्या ओळीचा सूर वेगळा, दुसरीचा वेगळा. दहा डिव्हिजन, म्हणजे सैन्याच्या दहा मोठ्या तुकड्या, कुणी एका दरीत बघू शकत नाही, ती माहिती मिळवलेली असते, आणि वाचकाला तो फरक मथळ्यातच कळतो. बाईंचं नाव बातमीवर नव्हतं, फक्त 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच. वय सत्तावीस, नोकरीला लागून आठवडाही झालेला नव्हता.

पुढचे तीन दिवसही पाहा. ३१ ऑगस्टच्या रात्री नाझींनी त्याच ग्लायवित्झच्या रेडिओ केंद्रावर पोलिश हल्ल्याचं सोंग रचलं. १ सप्टेंबरच्या पहाटे कातोवित्सेत क्लेअर यांना विमानांच्या आणि रणगाड्यांच्या आवाजानं जाग आली. त्यांनी वॉर्साच्या ब्रिटिश वकिलातीत ओळखीच्या रॉबिन हॅंकी यांना फोन लावला. अजून वाटाघाटी चालू आहेत, युद्ध सुरू कसं होईल, असं तिकडून उत्तर. तेव्हा त्यांनी फोनचा रिसीव्हर खिडकीबाहेर धरला. राजधानीतल्या माणसाकडे कागद होते, खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईकडे आवाज होता. युद्धाच्या बातमीत या दोघांची गाठ नेहमी पडते, आणि पहिले काही तास कागदवाल्याचंच खरं मानलं जातं.

इथं माझा एक अनुभव सांगतो. १९९९ च्या जूनमध्ये सोनमर्गला आम्ही बरेच बातमीदार अडकून होतो. द्रासच्या वरच्या शिखरांवरून शत्रूला श्रीनगर-लेह महामार्ग दिसायचा, गाड्या रात्री दिवे बंद करून जायच्या. दिवसा हातात काही नसायचं. मी रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर बसून वर काय जातं आणि खाली काय येतं याची वहीत नोंद करायचो. एका दिवशी दुपारपर्यंत नऊ रुग्णवाहिका खाली आल्या. मी कॉपीत नऊ लिहिलं. छापून आलं ते 'जखमींची रीघ लागली' असं. कुणीतरी रात्री बसून माझा आकडा काढला आणि त्या जागी शब्द घातला. दोन दिवसांनी कार्यालयात एका जवानाच्या वडिलांचा फोन आला. मुलाच्या तुकडीचं नाव सांगून ते विचारत होते, रीघ म्हणजे किती? मला नऊ माहीत होतं, त्यांना रीघ वाचावी लागली होती. त्या घरात ते दोन दिवस कसे गेले असतील हे आजही मनातून जात नाही. तेव्हापासून मी आकड्यासाठी भांडत आलो.

मोजलेलं सगळं छापायचं नसतं, हेही इथंच सांगून ठेवतो. तोफा कुठं आहेत, ताफा किती वाजता निघतो, हे आपल्या बाजूचं वार्तांकन करताना लिहिणं म्हणजे कुणाचा तरी जीव घेणं. कारगिलच्या काळात यावरून बरेच वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण लिहायचं काय हा नंतरचा प्रश्न. वहीत नोंद हवीच.

आणि बघणाऱ्याकडे पद किंवा ओळखपत्र असलंच पाहिजे असं नाही. कारगिलमधली घुसखोरी पहिल्यांदा दिसली ती बटालिकच्या बाजूला जनावरांमागे डोंगर चढलेल्या मेंढपाळांना, मेच्या सुरुवातीला. आपल्या इतिहासातली सगळ्यात प्रसिद्ध युद्धाची बातमीही एका सावकारी पत्रातून पेशव्यांपर्यंत पोचली, असं आपण शाळेपासून ऐकतो: दोन मोती गळाले, मोहरा हरपल्या, आणि खुर्द्याची तर गणतीच नाही. पानिपताची ती बातमी हिशेब ठेवणाऱ्या माणसाची भाषा बोलते. विश्वासराव आणि भाऊ वेगळे मोजले, सरदार वेगळे मोजले, आणि जिथं मोजणं हाताबाहेर गेलं तिथं तसं स्पष्ट सांगितलं. मला ती आदर्श बातमी वाटते.

असो. हॉलिंगवर्थबाईंकडे परत येतो.

पोलंडमधून त्या माघार घेणाऱ्या लोकांबरोबर रुमानियात निसटल्या. बुखारेस्टला पोलीस अटक करायला आले तेव्हा त्यांनी अंगावरचे कपडे उतरवले, असा किस्सा त्यांच्याबद्दल नेहमी सांगतात. उघड्या बाईला रस्त्यावरून नेणं पोलिसांना अवघड झालं, आणि तेवढ्या वेळात त्यांनी वकिलातीला फोन करून सुटका करून घेतली. लोक तो हसत सांगतात. मला त्यात एकटीनं काम करणाऱ्या बाईची कमालीचं प्रसंगावधान दिसतं. पुढे ग्रीस, मग कैरो आणि उत्तर आफ्रिकेचं वाळवंट.

वाळवंटात त्यांची गाठ पडली जनरल मॉंटगोमेरी यांच्याशी. तुमच्या घरच्यांच्या मुद्द्याला धरून हे महत्त्वाचं आहे. ब्रिटिश सैन्य त्या काळी बायकांना युद्धवार्ताहर म्हणून मान्यताच देत नव्हतं. १९४३ च्या जानेवारीत ट्रिपोली पडलं, बाई तिथं आहेत हे मॉंटगोमेरींना कळलं, आणि त्यांनी त्यांची कैरोला रवानगी करायला सांगितलं. क्लेअर यांनी वाद घालण्यात दिवस घालवले नाहीत. अमेरिकन सैन्याचे नियम थोडे मोकळे होते. त्या अल्जीरियाला गेल्या आणि आयसेनहॉवर यांच्या फौजांबरोबर काम करू लागल्या. एक दार बंद झालं की त्या दुसऱ्या सैन्याकडे जायच्या. त्यांना बातमी पाठवण्याशी मतलब होता, कुठल्या सैन्याबरोबर याच्याशी नव्हे.

युद्धानंतरची वर्षं मध्यपूर्वेत गेली. त्यांचे दुसरे पती जेफ्री होअर 'द टाइम्स'चे वार्ताहर होते. २२ जुलै १९४६ ला जेरुसलेमचं किंग डेव्हिड हॉटेल उडवलं गेलं आणि ९१ माणसं मेली, तेव्हा हे दोघं तिथून जवळच होते. त्याआधी, १९४१ मध्ये, तेहरानमध्ये नव्यानं गादीवर आलेल्या तरुण शहाची, मोहम्मद रझा पहलवीची मुलाखत त्यांनी घेतली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध त्यांनी 'गार्डियन'साठी बघितलं. १९६२ च्या सुमारास अल्जीर्समध्ये फ्रेंच वसाहतवाद्यांची ओएएस ही गुप्त संघटना रोज माणसं मारत होती आणि परदेशी पत्रकारांवर तिचा राग होता. एकदा ओएएसचे बंदूकधारी हॉटेलात शिरून एका ब्रिटिश वार्ताहराला पकडून नेऊ लागले. बाईंनी बाकीच्या सगळ्या पत्रकारांना हाक घातली: चला, आपणही सगळे त्याच्याबरोबर जाऊ. घोळकाच्या घोळका निघाल्यावर बंदूकधाऱ्यांनी त्याला सोडलं. धाडसाबद्दल तुम्ही विचारलंत, तर मला हे त्यांचं सगळ्यात मोठं धाडस वाटतं. शत्रूच्या मुलखात गाडी घालताना धोका पुढं कुठंतरी असतो, इथं तो समोर बंदूक घेऊन उभा होता आणि तो माणूस दुसऱ्याच वर्तमानपत्राचा होता. क्षेत्रात काम करताना प्रतिस्पर्धी पेपरचा बातमीदार हाच कित्येकदा तुमचा एकमेव माणूस असतो, हे सोनमर्गच्या थंडीत मीही शिकलो.

आता फिल्बी प्रकरण. रणगाड्यांच्या स्कूपइतकंच ते मोठं आहे, आणि आपल्या व्यवसायातल्या माणसांनी खरं तर हेच जास्त अभ्यासायला हवं.

किम फिल्बी हा ब्रिटिश गुप्तहेर खात्यातला बडा माणूस. रशियासाठी हेरगिरी केल्याचा त्याच्यावर संशय होता, पण १९५५ मध्ये ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी संसदेत तो जवळपास निर्दोष ठरवला होता. पुढे तो बैरूतला पत्रकार म्हणून 'ऑब्झर्व्हर' आणि 'इकॉनॉमिस्ट'साठी काम करत होता. २३ जानेवारी १९६३ ला, धुवाधार पावसाच्या रात्री, तो आणि त्याची बायको एका घरी जेवायला जाणार होते. तो आलाच नाही.

शहरभर तर्क चालले. क्लेअर बंदरावर गेल्या आणि त्या रात्री कुठलं जहाज सुटलं ते विचारू लागल्या. 'डोल्मातोवा' नावाचं रशियन मालवाहू जहाज ओडेसाकडे निघून गेलं होतं, आणि इतक्या घाईनं की त्याचा काही माल धक्क्यावरच पडून राहिला होता. गोणपाटाचा पडदा इथं पुन्हा दिसतो. न चढवलेला माल धक्क्यावर अनेकांनी पाहिला असेल. जहाज माल टाकून का जाईल, हा प्रश्न एकीलाच पडला.

त्यांनी बातमी पाठवली: फिल्बी रशियात गेला. संपादकांनी ती दाबून ठेवली. बदनामीच्या खटल्याची भीती होती, आणि ती खोटी नव्हती. सरकारनं ज्याला निर्दोष म्हटलं त्याला तुम्ही देशद्रोही म्हणताय आणि हातात आहे एका जहाजाचं नाव. तीन महिने ती कॉपी पडून राहिली. २७ एप्रिलला अखेर 'गार्डियन'नं ती छापली. जुलैच्या पहिल्या तारखेला सरकारनं संसदेत कबुली दिली, आणि महिनाअखेर मॉस्कोनं जाहीर केलं की फिल्बीला सोव्हिएत नागरिकत्व दिलंय.

संपादकाच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? वर्षानुवर्षं मी म्हणायचो की लगेच छापली असती. आता तसं म्हणवत नाही. मी बातमी थांबवली असती, पण त्याच दिवशी आणखी दोन माणसं कामाला लावली असती. तीन महिने थांबणं हा माझ्या मते दोष नाही. त्या तीन महिन्यांत बाईंना आणखी मदत मिळायला हवी होती. तुमची एखादी बातमी दाबली गेली तर रागावून बसण्याआधी विचारा: छापायला आणखी काय लागेल? आणि ते लेखी मागा.

यानंतर 'गार्डियन'च्या त्या संरक्षण विषयाच्या वार्ताहर झाल्या. विमान चालवायला आणि पॅराशूट उडी घ्यायला त्या शिकलेल्या होत्या, शस्त्रांची, दारूगोळ्याची, रसदीची माहिती त्यांनी चिकाटीनं जमवली. ब्रिटिश लष्करातल्या अनेक अधिकाऱ्यांना त्यांच्याशी बोलताना आपलं गणित कच्चं आहे असं वाटायचं, असं सहकारी सांगत. गोळी लागलेल्या माणसाचं वर्णन कुणीही करू शकतं, पण दिवसाला किती टन पेट्रोल लागतं हे ज्याला कळतं, त्याला ती फौज आठ दिवसांनी कुठं असेल हेही कळतं.

म्हणूनच १९६७ मध्ये पुन्हा 'टेलिग्राफ'कडून व्हिएतनामला गेल्यावर, अमेरिकेची ताकद प्रचंड असूनही हे युद्ध कोंडीत अडकणार, असं सांगणाऱ्या सुरुवातीच्या वार्ताहरांत त्या होत्या. सायगावच्या लष्करी पत्रकार परिषदांवर त्यांनी भागवलं नाही. अमेरिकन अधिकारी सोबत नसताना सामान्य व्हिएतनामी लोकांशी बोलायच्या. मग १९७३ मध्ये बीजिंग: 'टेलिग्राफ'चं चीनमधलं कार्यालय त्यांनी उघडलं, वयाच्या एकसष्टीनंतर, सांस्कृतिक क्रांतीचा काळ अजून संपायचा होता तेव्हा. माओच्या पत्नी जियांग छिंग आणि पंतप्रधान चौ एन-लाय या दोघांना त्या भेटल्या.

आणि तो इराणचा शहा. १९७९ मध्ये गादी गेल्यावर दारोदार भटकत असताना त्यानं ज्या मोजक्या पत्रकारांशी बोलणं मान्य केलं, त्यांत त्या होत्या. १९४१ साली कोवळा शहा आणि अडतीस वर्षांनी परागंदा शहा, मध्ये एक अख्खी राजवट. मला वाटतं, सूत्र सांभाळणं म्हणजे काय हे याहून चांगलं सांगता येत नाही. दर आठवड्याला फोन करून बातमी मागणं म्हणजे सूत्र सांभाळणं नव्हे. सत्तेत नसलेल्या दिवसांत ज्याला तुमची आठवण येते, ते तुमचं सूत्र.

उतारवयात त्या हॉंगकॉंगला स्थायिक झाल्या. १९८९ च्या जूनमध्ये तियानमेन चौकात सैन्य घुसलं तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांच्या बाई बीजिंगमध्ये होत्या. पुढे दृष्टी अधू झाली. पण पासपोर्ट आणि बूट बिछान्याजवळ तयार ठेवायची सवय गेली नाही. अंगाची सवय मोडू नये म्हणून मधूनमधून जमिनीवर झोपायच्या, असंही सांगतात. हॉंगकॉंगच्या परदेशी वार्ताहरांच्या क्लबात रोजचं एक टेबल, आणि तिथंच एकशे पाचवा वाढदिवस. १० जानेवारी २०१७ ला त्या गेल्या.

त्यांच्या कामातलं जे मला खटकतं तेही सांगायला हवं, नाहीतर हे उत्तर आरती होईल. त्या लष्करी अधिकाऱ्यांच्या आणि गुप्तहेरांच्या वर्तुळात फार जवळून वावरायच्या. त्यातून बातम्या मिळायच्या, पण त्या जवळिकीनं नजर कुठं कुठं बांधली गेली असेल, हा प्रश्न मला पडतो. दुसरं, त्यांची भाषा कोरडी होती. माणसं त्यांच्या बातम्यांत मोजली जातात, पण बऱ्याचदा बोलत नाहीत. कातोवित्सेच्या निर्वासितांसाठी ज्या बाईनं रात्रीचा दिवस केला, तिच्या पुढच्या कॉपीत अशा माणसांच्या तोंडची आणखी वाक्यं असती तर मला आवडलं असतं. तुम्ही हे दोन्ही जोडा.

आता घरच्यांचा प्रश्न. त्यांची भीती रास्त आहे, तिला उडवून लावू नका. युद्धवार्ताहर मेरी कॉल्विन यांचा २००१ मध्ये श्रीलंकेत एक डोळा गेला आणि २०१२ मध्ये सीरियातल्या होम्स शहरात गोळाफेकीत जीव गेला. आपले वृत्तछायाचित्रकार दानिश सिद्दीकी २०२१ च्या जुलैमध्ये अफगाणिस्तानात स्पिन बोल्डकला मारले गेले. दोघंही नवखे नव्हते. त्यामुळे 'मी काळजी घेईन' हे उत्तर पुरेसं नाही. घरी काय दाखवायचं ते सांगतो: धोक्याच्या भागात काम करायचं प्रशिक्षण, रक्तस्राव थांबवण्याचं प्रथमोपचाराचं शिक्षण, विमा कोण भरणार याचं लेखी पत्र, आणि रोज ठरलेल्या वेळी संपर्क करायचा एक माणूस. संस्था यातलं काही देत नसेल तर नकार द्या, बातमी कितीही मोठी असली तरी. मी गेलो तेव्हा यातलं माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि माझ्या आईनं ते आठवडे कसे काढले हे तिनं मला कधी सांगितलं नाही. मुलगी म्हणून वेगळं काही असेल तर एवढंच की मॉंटगोमेरी आजही भेटतात, फक्त गणवेशात नसतात. ते भेटले की दुसऱ्या सैन्याकडे जायचं.

आणि सुरुवातीला सीमेवर जायची गरजही नाही. तुम्ही साताऱ्यात आहात. अपशिंगे मिलिटरी तुमच्यापासून काही किलोमीटरवर आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, आणि अजूनही घराघरांतून पोरं फौजेत जातात. कारगिलच्या वेळी जवानांचे देह पहिल्यांदा एवढ्या संख्येनं विमानानं आपापल्या गावी आणले गेले. त्याआधीच्या युद्धांत बहुतेकांवर तिकडेच अंत्यसंस्कार व्हायचे. द्रासला जाण्याआधी तुमच्याच जिल्ह्यात मी अशा एका अंत्ययात्रेला होतो. गावात किती चुली बंद होत्या ते मी मोजलं नव्हतं. तुम्ही जाल तेव्हा घरोघर जा. कुठल्या युद्धात कोण गेलं, कुणाचा देह आला, कुणाचा आलाच नाही, कुणाची पेन्शन किती वर्षांनी सुरू झाली, हे सगळं वहीत लिहा. माझ्या माहितीप्रमाणे १९४४ च्या ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेलेल्या आजोबांची पत्रं काही घरांत ट्रंकेत आहेत. ती वाचणारं पुढच्या पिढीत कुणी उरेल की नाही, सांगता येत नाही. या पावसाळ्याआधी जा. पत्र्याच्या ट्रंकेतल्या कागदाला सर्दी लवकर लागते.